‘कोणाचो रे तू?’ : डायबेटिस असलेल्या पोरांची ओळख मोजायची कशी? (मदत हवी आहे)

अबोली_वळेसर | रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिलाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी रत्नागिरीची, मानसशास्त्रात एम.ए., शेवटचं वर्ष. प्रबंधाचा विषय असा : टाइप १ डायबेटिस असलेली १५ ते २५ वयाची मुलं स्वतःच्या ओळखीत या आजाराला कुठे बसवतात, आणि ते मोजता येतं का. टाइप १ म्हणजे आपल्या काका-मामांचा चाळिशीनंतरचा डायबेटिस नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारून टाकते, इन्सुलिन बनणं जवळजवळ थांबतं आणि बाहेरून घेतल्याशिवाय माणूस जगत नाही. माझ्या मावसभावाला सातवीत असताना झाला. विषय तिथूनच डोक्यात बसलाय.

मोजपट्टी मी नवी बनवत नाहीये, तेवढी अक्कल नाही. बेल्जियममधल्या ल्युव्हेन विद्यापीठातल्या लेन ओरिस, कून लाउक्स वगैरे मंडळींनी २०१६ साली एक प्रश्नावली मांडली. १४ ते २५ वयाच्या ५७५ मुलामुलींवर ती तपासली होती. एकूण २५ विधानं, प्रत्येकाला १ ते ५ मधला आकडा द्यायचा. विधानांचे चार गट आहेत. आजार माझा नाहीच असं धरून चालणं, याची ५. तो माझाच एक भाग आहे हे मान्य करणं, याचीही ५. आजारानेच सगळं आयुष्य व्यापून टाकणं, याची ८. आणि आजारामुळे आपण काहीतरी कमावलं असं वाटणं, याची ७. सगळ्यांची बेरीज करून एक मार्क काढायचा नाही. चार गटांच्या चार सरासऱ्या वेगळ्या ठेवायच्या, कारण एकाच मुलाचे दोन-दोन आकडे वर असू शकतात. त्यांच्या अभ्यासात ज्यांचं नाकारणं जास्त, त्यांची उपचारातली शिस्त कमी आणि एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) जास्त दिसली. ज्यांना आजाराने व्यापलंय त्यांच्यात उदासपणा जास्त.

आता अडचण. पहिली भाषेची. ‘नाकारणं’ ठीक. ‘स्वीकार’ म्हटलं की सत्कार समारंभ वाटतो. चौथ्या गटाला गाइडनी ‘समृद्धी’ सुचवलं, तर वर्गातला एक जण म्हणाला, टोल किती?

दुसरी अडचण जास्त छळतेय. नाकारण्याच्या गटात एक विधान आहे, आशय असा की मी माझ्या डायबेटिसबद्दल इतरांशी कधीच बोलत नाही. माझा मावसभाऊ इथे डोळे मिटून ५ देईल. कॉलेजात कुणालाही माहीत नाही, एसटीच्या पासवाल्या मित्रांनाही नाही. पण हाच मुलगा रात्री तीनचा गजर लावून उठतो, साखर बघतो, वहीत लिहितो आणि झोपतो. त्याने आजार नाकारलाय असं मी कुठल्या तोंडाने लिहू?

ज्यांना स्वतःला किंवा घरात कुणाला आहे त्यांनी कृपया लिहा. नाव-गाव नको.

गुणिले_शून्य | रविवार, रात्री ११:१५

चांगला विषय. पुण्यात सर्व्हेच्या आकड्यांवर पोट भरतो, म्हणून आधी कोरडे मुद्दे.

भाषांतर करण्याआधी मूळ लेखकांना ईमेल करून परवानगी घ्या. मग दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, दोन्ही जुळवायची, आणि ज्याने मूळ पाहिलेलंच नाही अशा तिसऱ्याने ती परत उलटी करायची. घसरगुंडी कुठे झाली ते तिथे कळतं. त्यानंतर सहा-सात मुलांसमोर बसा आणि एकेक विधान वाचून विचारा, "हे वाचून तुझ्या मनात काय आलं?" उत्तराचा आकडा नंतर. सगळ्यात जास्त इथे सापडतं आणि सगळे हेच गाळतात.

गटांची रचना मराठीतही तशीच राहते का हे बघायला ढोबळमानाने दर विधानामागे ५ ते १० माणसं लागतात. म्हणजे २५ विधानांना १२५ ते २५०. तुम्हाला टाइप १ ची एवढी मुलं मिळणार आहेत?

अबोली_वळेसर | रविवार, रात्री ११:२१

आतापर्यंत १४ मिळालीत. :(

गुणिले_शून्य | रविवार, रात्री ११:२४

मग रचना सिद्ध करायच्या फंदात पडू नका. १४ जणांवर सरासरी काढून बेल्जियमशी तुलना तर अजिबात नको. विधानं मराठीत कशी *कळतात* एवढाच प्रबंध करा. तो छोटा नाही.

कुळीथपिठी | सोमवार, सकाळी ६:५०

अबोली, आमच्या घरात आहे. मुलगा नऊ वर्षांचा असताना निदान झालं, आता बारावीत. आम्ही दापोली तालुक्यातले, समुद्र चालत दहा मिनिटांवर.

तू ओळखीचं विचारतेस म्हणून निसर्ग वादळाचं सांगते. ३ जून २०२०. नारळ, सुपारी, घराची कौलं, सगळं आडवं. वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या चार कुप्या. मी मोठ्या मडक्यात पुळणीवरची वाळू भरली, ती ओली केली, त्यात लहान मडकं, त्यात डब्यात कुप्या, वर ओलं फडकं, आणि सगळं माजघरातल्या काळोखात. दिवसातून तीनदा पाणी घालायचं. हे काम त्याने स्वतःकडे घेतलं, वय अकरा. पत्रे गोळा करायला आलेल्या वाडीतल्या प्रत्येकाला तो हात धरून मडक्याकडे न्यायचा आणि सांगायचा, "यात माझं औषध आहे, इथे कुणी पाय लावू नका." सगळ्या वाडीला माहीत. लपवणं हा शब्दच नव्हता.

आणि आता? इन्सुलिनचं पेन दप्तराच्या तळाशी, मोज्यात गुंडाळलेलं. घरी पाहुणे आले की मोरीत जाऊन टोचतो. तुझा कागद अकराव्या वर्षी भरला असता तर एक उत्तर, आज भरला तर दुसरं. साखर मात्र आत्ताच जास्त चांगली सांभाळतो, हे आईचं कौतुक नाही, रिपोर्ट आहेत.

मधे काय झालं ते मला ठाऊक आहे. दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षकांनी खिशातली ग्लुकोजची पुडी काढून घेतली, "कॉपी असेल" म्हणून. सगळ्या वर्गासमोर उलटी करून झाडली. केंद्र कुठलं ते लिहीत नाही. केंद्रीय बोर्डाने २०१७ सालीच परिपत्रक काढून अशा मुलांना साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी सोबत ठेवायला परवानगी दिलेली आहे. आमचं बोर्ड वेगळं, पण माणुसकीला परिपत्रक कशाला लागतं? त्या दिवसापासून तो गप्प झाला.

रापणीतला_मासा | सोमवार, सकाळी ९:०५

वाचून वाईट वाटलं ताई. धागा वाचनखूण साठवतोय.

आजोबांचा_बटवा | सोमवार, सकाळी ९:४०

एवढं मोजत बसण्यापेक्षा मुळावर घाव घाला. आमच्या ओळखीतल्या एका मुलीची इंजेक्शनं कडू किराईत आणि कारल्याच्या रसाने दीड महिन्यात निम्म्यावर आली. लिहून घ्या, इन्सुलिन ही सवय आहे. एकदा लागली की सुटत नाही. इच्छुकांनी व्यक्तिगत निरोप करावा.

डॉ_घाटमाथा | सोमवार, दुपारी १:१०

वरच्या प्रतिसादावर गप्प बसणं शक्य नाही. दवाखान्यातून घाईत लिहितोय.

टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद केलं तर रक्तात कीटोन नावाची आम्लं साठून काही दिवसांत, कधी तर एक-दोन दिवसांतच, जीव धोक्यात येतो. उलट्या, पोटदुखी, धाप, ग्लानी. अशी मुलं मी तालुक्याच्या ठिकाणी उचलून आणलेली पाहिली आहेत आणि बरोबर रसाची बाटलीही पाहिली आहे.

‘दीड महिन्यात निम्म्यावर आली’ यामागचं खरं कारणही सांगतो. निदान होऊन इन्सुलिन सुरू झालं की उरलेल्या थोड्या बीटा पेशींना जरा उसंत मिळते, त्या पुन्हा कामाला लागतात, आणि काही आठवडे ते काही महिने बाहेरची गरज कमी होते. डॉक्टरी भाषेत याला चक्क ‘हनिमून’ म्हणतात. मग तो काळ संपतो. त्या दिवसांत जो रस चालू असेल, ज्या देवाला नवस केला असेल, त्याच्या खात्यात ते श्रेय जातं. हनिमून संपला की दोष मुलाच्या नावावर : "नेमाने घेतलं नसशील."

अबोली, तुमच्या विषयाशी याचा संबंध आहे. पोराला ‘मला हे कायमचं आहे’ म्हणायला घरचे वर्षभर मुभाच देत नाहीत. नाकारणं पुष्कळदा घरातून येतं.

कुळीथपिठी, मडक्याचं शाबास. फक्त एक नोंद : जूनच्या दमट हवेत पाणी कमी उडतं, त्यामुळे मडकं फ्रिजसारखं २ ते ८ अंश देत नाही. पण वापरातली कुपी साधारण महिनाभर सामान्य तापमानाला टिकते, उन्हात आणि बर्फात मात्र नाही. म्हणजे न फोडलेल्या कुप्यांचा क्रम शेवटी लावायचा. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा कित्येक घरांत फ्रिजच पाण्याखाली गेले होते, तेव्हा हाच सल्ला देत होतो.

संपादक | सोमवार, दुपारी २:००

‘आजोबांचा_बटवा’ यांचा प्रतिसाद उत्तर कळावं म्हणून ठेवला आहे, त्यांना पुढे या धाग्यावर लिहिता येणार नाही. इन्सुलिन थांबवण्याचे सल्ले इथे खपवून घेतले जाणार नाहीत.

मृदंगी | मंगळवार, पहाटे ४:३५

नाटक संपवून आत्ता टेम्पोत बसलंय, म्हणून ही वेळ.

मी मालवणकडचो. वय २३. अकराव्या वर्षापासून टाइप १. दशावतारात पखवाज वाजवतो. (पुढे शुद्ध मराठीत लिहितो, नाहीतर पुणेकर गुणिलेसाहेब भाषांतर मागतील. ह. घ्या.)

आमचं वेळापत्रक असं : संध्याकाळी सातला गावात पोचायचं, यजमानाकडे जेवण नऊला की साडेदहाला ते देवाच्या हातात, नाटक बाराच्या पुढे सुरू, पहाटेपर्यंत. डॉक्टर सांगतात जेवणाआधी टोच. जेवण कधी ते ज्याला माहीत नाही त्याने कधी टोचायचं? मी ताट समोर आल्यावर, भात वाढलेला डोळ्यांनी बघितल्यावरच टोचतो. एकदा आधी टोचून बसलो आणि वाढायला पाऊण तास लागला. गणपतीच्या आरतीला डोळ्यांपुढे समया चार दिसायला लागल्या. साखर ५८. खिशात ग्लुकोज होतं म्हणून निभावलं. पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटं थांब, परत बघ, हे पाठ आहे.

बोटांचं सांगतो. सगळे बोटाच्या टोकाला मधोमध टोचतात, तिथेच जास्त दुखतं. बाजूला टोचायचं. माझ्या उजव्या हाताची बोटं पखवाजाच्या शाईवर (मधल्या काळ्या लेपावर) पडतात, त्यांना मी हातच लावत नाही. डाव्या हाताने कणकेच्या पुडीवर तळव्याने थाप पडते, म्हणून डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका एवढीच माझी ‘लॅब’. बारा वर्षांत तिथे बारीक काळे ठिपके पडलेत, मोहरी सांडल्यासारखे.

गेल्या साली एका जत्रेत मीटरने ३४० दाखवलं. घाबरलो. एवढं खाल्लं काय? मग आठवलं, नारदाने पेटीमागून खाजा दिलेला, एक तुकडा मोडून त्यालाच परत केला होता. गूळ बोटाला. पंपावर हात धुऊन परत बघितलं, १६२. त्या ३४० वर इंजेक्शन मारलं असतं तर त्या रात्री मीच आडवा झालो असतो.

आता तुमचं विधान. ‘मी डायबेटिसबद्दल इतरांशी कधीच बोलत नाही.’ कंपनीतल्या अकरा जणांना सगळं माहीत आहे. पेटीवाला मास्तर तर माझा घाम बघून पेटीवरूनच खुणेने विचारतो. पण ज्या गावात नाटक आहे तिथल्या एकालाही कळू देत नाही. का, तर आमच्याकडे नवीन माणूस भेटला की पहिलं काय विचारतात? "कोणाचो रे तू?" बापाचं नाव, वाडी, देवस्थान. त्यावर तुमची ओळख उभी राहते. त्यात एकदा का ‘तो साखरवालो’ चिकटलं की पखवाज मागे पडतो. पुढच्या साली सुपारी देताना म्हणतील, पोरगो बरो वाजवता, पण रातभर टिकात मा?

तर मी १ देऊ की ५?

सुरंगी | मंगळवार, सकाळी १०:२०

मृदंगी, अगदी अगदी. +१

मी २७, वेंगुर्ल्याकडची, टाइप १ ला चौदा वर्षं झाली. लग्न होऊन दोन. माझ्यासाठी ‘इतर’ म्हणजे तीन वेगळे लोक आहेत. एक मैत्रिणी, त्यांना सगळं माहीत. दोन, बघायला येणारी स्थळं. आईचं म्हणणं सांगायचं नाही, बाबांचं म्हणणं आधीच सांगायचं. आम्ही सांगायचो. चार ठिकाणांहून पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. त्यांतली एक पत्रिका त्यांनीच आधी जुळवून आणली होती! पाचव्याने विचारलं, "मग रात्री साखर उतरली तर मी काय करायचं?" त्याच्याशी लग्न केलं. तीन, सासरचा गोतावळा. त्यांना आजही सांगितलेलं नाही, आणि हे नवऱ्याचं नि माझं दोघांचं ठरवून. चतुर्थीला मी उकडीचे मोदक मोजून दोन खाते, लोकांना वाटतं वजनाची काळजी. वाटू दे.

मी नाकारलंय का? माझ्या पर्समध्ये पेन, मीटर, बारीक सुयांचा डबा आणि लिमलेटच्या गोळ्या असतात. नाकारणारी बाई एवढं ओझं वाहील?

आणि चौथ्या गटाबद्दल माझी खरी चीड. आजारामुळे मी कणखर झाले, जगण्यात महत्त्वाचं काय ते कळलं, असल्या विधानांना मी काय आकडा देऊ? कणखर झालेय. पण मला तेराव्या वर्षी कुणी विचारलं होतं का, तुला कणखर व्हायचंय का? आपल्याकडे या वाक्यांना ‘भोग’ आणि ‘देव परीक्षा बघतो’ यांचा वास येतो. आजी हेच म्हणायची. आकडा ५ आला तर तो माझा की आजीचा?

डॉ_घाटमाथा | मंगळवार, दुपारी ३:३०

सुरंगी, तुमचा प्रश्न रास्त आहे. माझा अनुभव सांगतो, सिद्धांत नव्हे : निदानानंतर वर्षाच्या आत जो म्हणतो ‘यातून खूप शिकलो’, त्याची मला काळजी वाटते. दहा वर्षांनी तेच म्हणणाऱ्याची नाही.

थोडं मागे जाऊन बघा. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता, बारा दिवसांनी सुधारलेला दिला आणि मुलगा सावरला, पुढे तेरा वर्षं जगला. त्याआधी या मुलांना उपाशी ठेवून काही महिने ढकलायचे, एवढाच उपचार. ‘मी कोण आणि हा आजार माझ्यात कुठे’ हा प्रश्न विचारण्याइतकं आयुष्यच मिळत नव्हतं. अबोलीची प्रश्नावली विचारता येते हीच शंभरेक वर्षांपूर्वी नसलेली गोष्ट.

दवाखान्यात आम्ही ‘प्रॉब्लेम एरियाज इन डायबेटिस’ ही २० प्रश्नांची १९९५ ची यादी कधीकधी भरून घेतो. ती त्रास मोजते : सुयांचा, खाण्याचा, एकटेपणाचा. ओळख ती मोजत नाही. त्रास कमी असून आजार दूर लोटलेला मुलगा तिच्यात सुटतो, तो बेल्जियमवाल्यांच्या पट्टीत सापडावा. म्हणून पट्टी टाकाऊ म्हणू नका.

गुणिले_शून्य | मंगळवार, रात्री ९:००

मृदंगींचा खाजा माझ्या पुढच्या ट्रेनिंगमध्ये जाणार, परवानगी गृहीत धरतोय.

मीटर खोटं बोलला नाही. त्याने रक्तही मोजलं आणि गूळही. तुमचं ते विधान दोन गोष्टी एकदम मोजतंय : आत मान्य आहे की नाही, आणि बाहेर सांगण्याची किंमत किती. बेल्जियममध्ये दुसरी किंमत कमी असेल तर तिथे गूळ कमी. कोकणात सुपारी जाते, स्थळ जातं, परीक्षेला पुडी झाडली जाते. इथे गूळ जास्त.

पण म्हणून विधान बदलू नका! लोकांना वाटतं चुकीचा प्रश्न दुरुस्त करावा. एक शब्द फिरवलात की ती त्यांची पट्टी राहत नाही. मूळ २५ जशीच्या तशी ठेवा, आणि शेवटी आपली तीन-चार विधानं वेगळ्या चौकटीत, वेगळी मोजणी. मग १४ जणांत बघा : जे मूळ विधानाला ५ देतात ते तुमच्या विधानांना काय देतात.

दुसरा गूळ : आई. फॉर्म भरताना आई शेजारी बसली असेल तर नाकारणं कमी आणि कमावणं जास्त येणार, पैज लावतो. अठराच्या आतल्यांना पालकांची संमती लागेल, मुलाचीही वेगळी घ्या, पण भरताना पालक खोलीबाहेर.

पर्यायांचं मराठी काय केलंत? ‘पूर्णतः असहमत’ वगैरे असेल तर आत्ताच फाडा. ते फक्त फॉर्मवर सापडणारं मराठी आहे.

कुळीथपिठी | मंगळवार, रात्री ९:४०

आई म्हणजे गूळ! बघून घेईन तुम्हाला.

अबोली_वळेसर | बुधवार, रात्री ८:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गाइडशी बोलले. विषय आता ‘विधानं कशी कळतात’ एवढाच, त्यांनी आधी नाक मुरडलं, मग धागा वाचायला दिला तर तासभर वाचत बसले.

पर्याय असे केलेत : अजिबात नाही / फारसं नाही / धड हो नाही, धड नाही नाही / बऱ्यापैकी / अगदी माझंच. तिसरा वाचताना मुलं हसतात, म्हणजे वाचतात.

गटांची नावं मुलांना दिसणार नाहीत, पण प्रबंधात लागतील. नाकारणं. पत्करणं (स्वीकारापेक्षा हा मला आवडला, नोकरी पत्करतो तसा, मनाविरुद्धही आणि मनानेही). व्यापणं. चौथ्याला ‘कमाई’ लिहिलंय, सुरंगीताईंची माफी मागून.

आणि वेगळ्या चौकटीतली माझी चार विधानं :

घरच्यांशी मी डायबेटिसबद्दल मोकळेपणाने बोलतो/बोलते.
ज्यांच्यासोबत रोज असतो/असते त्यांतल्या एकाला तरी माहीत आहे, साखर उतरली तर काय करायचं.
अनोळखी लोकांना सांगितलं तर माझं नुकसान होईल असं वाटतं.
कुणी बघत नसतानाही मी इंजेक्शन आणि तपासणी चुकवत नाही.

मावसभावाला काल रात्री बसवलं, मावशीला शेजारी पाठवून. मूळ विधानाला अपेक्षेप्रमाणे ५. माझ्या चौथ्यालाही ५. तिसऱ्यापाशी बराच वेळ थांबला, पेन्सिलने खाली बारीक अक्षरात लिहिलं, "झालंय. दोनदा." कधी, कुठे, ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

कुळीथपिठी | गुरुवार, सकाळी ७:०५

धागा मुलाला वाचायला दिला होता. मूळ प्रश्न वाचून म्हणाला, "इतरांशी म्हणजे कोणाशी ते लिहिलंच नाही." मग म्हणाला फॉर्म पाठवायला सांग. मी खोलीबाहेर बसेन, गुणिलेसाहेब.

अबोली, व्यनि बघ.

मृदंगी | गुरुवार, सकाळी ११:५०

माका पण पाठव. छापील असलो तर बरा, टेम्पोत मोबाईलवर दिसणा नाय.

तुमचं दुसरं विधान बरोबर आहे, पण ‘एकाला तरी’च्या जागी किती जणांना ते विचारा. आमच्यात एक जण नाटकात रंगमंचावर असतो तेव्हा दुसरा लागतो.

शुद्धलेखनप्रेमी | गुरुवार, दुपारी ४:२०

विषय उत्तम. एक सूचना : प्रत्येक विधानात ‘बोलतो/बोलते’, ‘असतो/असते’ अशा तिरक्या रेघा खटकतात. मुलांचा आणि मुलींचा असे दोन वेगळे कागद का छापत नाही?

गुणिले_शून्य | गुरुवार, दुपारी ४:२६

कारण मग ते १४ जण ७-७ होतील आणि हे साहेब मला त्यांची तुलना करायला सांगतील.

अबोली_वळेसर | गुरुवार, दुपारी ४:३१

दोन कागद छापतेय. तुलना करणार नाही. :)